लहान मुले आणि इंग्रजी स्पेलिंग

श्रोतेहो, काटोल-नरखेडकडचा मुलूख संत्र्यांचा, हे नागपूरकरांना सांगायला नको. आंबिया बहार असो की मृगाचा, तोडणीच्या दिवसांत शाळेच्या वाटेवरून संत्री भरलेल्या गाड्या जातच असतात. त्या भागातल्या एका शाळेत मी शिकवीत असताना तिसरीच्या वर्गाला दहा इंग्रजी शब्दांचे श्रुतलेखन घातले. त्यांत एक शब्द होता ‘ऑरेंज’. मुलांच्या ओळखीचा म्हणून मुद्दामच घेतलेला. एका मुलीने तो लिहिला : ओ, आर, ई, एन, जे. मी लाल शाईने त्यावर फुली मारली, शेजारी खरे स्पेलिंग लिहिले, ‘दहा वेळा लिही’ असा शेरा दिला आणि पुढची वही ओढली. तिचे दहांतले सहा शब्द चुकले होते. साही ठिकाणी हेच केले.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील वही घेऊन शाळेत आले. बागेत मजुरीला जाणारा माणूस, कामावर जाता जाता आलेला. दारातच उभे राहून म्हणाले, “गुरुजी, मी तं शिकलो नाही जी. पन पोरगी म्हनते, जसं ऐकू आलं तसंच लिवलं. मंग लाल काहून केलं?”

मी काहीतरी उत्तर दिले. इंग्रजीचे असेच असते, पाठ केल्यावाचून गत्यंतर नाही, असे काहीसे बोललो असेन. ते “बरं जी” म्हणून गेले. महिन्याभराने पुन्हा श्रुतलेखन झाले. त्या मुलीच्या वहीत लाल खुणा नव्हत्याच म्हणा ना, आणि खोटे कशाला सांगू, मला आधी समाधान वाटले. मग नीट पाहिले. पाठ झालेले चार शब्द बरोबर होते आणि उरलेल्या सहा जागा कोऱ्या होत्या. चुकण्यापेक्षा न लिहिणे बरे, एवढे ती माझ्याकडून शिकली होती.

आजचे माझे बोलणे त्या कोऱ्या जागांविषयी आहे. शिक्षकांसाठी आहे, तसेच ज्यांना स्वतःला इंग्रजीचे अक्षर येत नाही पण ज्यांची मुले ते शिकत आहेत, अशा आईबापांसाठीही आहे.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले. त्याआधी ते पाचवीत येई. पाचवीतले मूल मराठी लिहिण्यावाचण्यात चांगले मुरलेले असे. आता सहा वर्षांचे पोर इकडे ‘क’ला काना द्यायला शिकते आणि तिकडे ‘ए, बी, सी’ गिरवते. हे योग्य की अयोग्य, हा वाद मी आज काढीत नाही. मूल तर वर्गात येऊन बसले आहे, त्याचे काय करायचे ते पाहू.

प्रथम त्या वडिलांचा प्रश्न. लाल काहून केलं? त्याचे खरे उत्तर मला नंतर सापडले, आणि ते ऐकून त्यांना मौज वाटली असती. ‘ऑरेंज’ हा शब्द मुळात आपल्याकडचा. संस्कृतातला ‘नारंग’. तो इराणात गेला, तेथून अरबांच्या तोंडी ‘नारंज’ झाला, व्यापाऱ्यांबरोबर युरोपात उतरला आणि फ्रेंचांच्या मार्फत इंग्रजांकडे पोचला. वाटेत कोठेतरी पहिला ‘न’ गळून पडला. फ्रेंच लेखणीने तो ज्या अक्षरांत लिहिला ती अक्षरे इंग्रजांनी तशीच ठेवली आणि उच्चार मात्र आपल्या जिभेला मानवेल तसा केला. इंग्रजीतल्या हजारो शब्दांची हीच कथा आहे. कॅक्स्टन नावाच्या गृहस्थाने १४७६ साली लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, आणि पुढे छपाईमुळे शब्दांची रूपे हळूहळू बांधली गेली. जिभा मात्र बदलत राहिल्या. घोड्यावर बसून लढणाऱ्या सरदाराला इंग्रजीत ‘नाइट’ म्हणतात. त्याच्या आरंभी एक ‘के’ उगाच उभा असतो आणि पोटात ‘जी-एच’ ही जोडी निजलेली असते. एके काळी हे सगळे उच्चारले जात होते. कर्जाला ‘डेट’ म्हणतात, त्यात एक ‘बी’ आहे. तो तर इंग्रजांनी कधीच उच्चारला नव्हता. मूळ लॅटिन शब्दात ‘ब’ होता हे दाखवण्यासाठी पंडितांनी तो मागाहून घातला. आपल्या पंडितांनी तरी मराठीला काय कमी छळले आहे! असो.

तेव्हा त्या मुलीने बरोबर ऐकले होते आणि बरोबर लिहिले होते. फक्त इंग्रजांनी निराळे लिहिले होते. युरोपातील तेरा भाषांतल्या मुलांच्या आरंभीच्या वाचनाची एक तुलना २००३ साली प्रसिद्ध झाली. तीत असे दिसले की, साधे शब्द वाचण्याचा पाया पक्का व्हायला इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना इतर बहुतेक भाषांतल्या मुलांच्या दुपटीहून अधिक काळ लागतो. ही मुले घरीदारी इंग्रजीच बोलणारी. त्यांची ही तऱ्हा, तर आपल्या खेड्यातल्या मुलाला वेळ लागला म्हणून त्याला मंद म्हणण्याचा आपल्याला अधिकार काय?

आणि आपले मूल रिकाम्या हातांनी शाळेत येत नाही. वऱ्हाड-नागपूरकडचे मूल घरी ‘पानी’ म्हणते आणि वहीत ‘पाणी’ लिहिते. माय ‘डोया’ म्हणते, पुस्तकात ‘डोळा’ असतो. तोंडचा शब्द एक आणि लेखणीचा शब्द एक, हा धडा त्याने इंग्रजीच्या आधीच घेतलेला आहे. मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, असे आपण अभिमानाने म्हणतो. पण ‘चार’ आणि ‘चाक’ यांतले ‘च’ एकसारखे आहेत का? ‘जीव’ आणि ‘जागा’ यांतले ‘ज’? अक्षर एक, आवाज दोन, आणि मुलाला हे कोणी शिकवावे लागत नाही. ऱ्हस्व-दीर्घाची तर गोष्टच नको. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे नियम ठरवले, तरी ते पाळताना भल्याभल्यांना अजून कोश उघडावा लागतो. इंग्रजी शिकवण्याच्या पहिल्या दिवशी मुलांना एवढे जरी सांगितले की, बाळांनो, जसे घरचे ‘पानी’ वहीत ‘पाणी’ होते तसेच इंग्रजीतही होते, तरी निम्मी भीती जाते. मात्र ‘पानी’ म्हणणाऱ्या पोराला हसणाऱ्या शिक्षकाने हे सांगू नये. त्याच्या तोंडून ते खरे वाटणार नाही.

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे येतो. आपल्या शाळांतून ‘सी-ए-टी कॅट, आर-ए-टी रॅट’ असा घोष अजून ऐकू येतो. तो गोड वाटतो, पण त्यात एक घोटाळा आहे. ‘सी’ हे त्या अक्षराचे नाव झाले, त्याचा आवाज नव्हे. आपल्या ‘क’चे नाव ‘क’ आणि आवाजही ‘क’. इंग्रजी अक्षरांचे तसे नाही. ‘एच’ या नावात ‘ह’ औषधालाही सापडत नाही. ‘डब्ल्यू’मध्ये ‘व’ कोठे आहे? सी, ए आणि टी ही तीन नावे जोडून प्रामाणिक मुलाने ‘सीएटी’ असेच वाचायला हवे. ते ‘कॅट’ म्हणते ते केवळ आपल्या धाकाने. म्हणून आधी आवाज सांगावा, नाव मागाहून. इंग्लंडातही आता सरकारी शाळांतून आवाजांपासूनच आरंभ करतात, आणि २०१२ सालापासून तेथे पहिल्या इयत्तेच्या शेवटी मुलांची त्याच बाबतीत छोटी तपासणी होते.

या कामी आपल्या शिक्षकांना एक सोय आहे, ती इंग्रज शिक्षकालाही नाही. ‘बॅट’ शब्दाचा पहिला आवाज सांगताना तो ‘बऽ’ म्हणून बसतो आणि त्यात नसलेला ‘अ’ घुसतो. आपल्याकडे पाय मोडलेले अक्षर आहे. फळ्यावर ‘ब्’ लिहावे, शेजारी ‘अ‍ॅ’ लिहावे, शेजारी ‘ट्’ लिहावे. तिन्ही आवाज आधी तुटक म्हणावेत, मग जवळ आणावेत, मग एका दमात म्हणावेत. ज्या मुलाला ‘क्’ आणि ‘आ’ मिळून ‘का’ होतो हे कळले आहे त्याला हे दोन दिवसांत कळते. ‘अ‍ॅ’ आणि ‘ऑ’ ही चिन्हे आपण इंग्रजी शब्दांसाठीच घेतली. २००९ च्या शासननिर्णयाने त्यांना वर्णमालेत स्वर म्हणून जागाही मिळाली आहे. त्यांचा येथे खुशाल उपयोग करावा. एवढे मात्र खरे की ही देवनागरी काठी चालायला शिकेपर्यंतच. पुस्तकातल्या प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर मराठीत उच्चार लिहून ठेवले की मुलाचा डोळा खालच्या ओळीवर उतरतच नाही.

सव्वीस अक्षरे झाल्याशिवाय शब्द नाही, असा हट्टही नको. एस, ए, टी, पी, आय आणि एन ही सहा अक्षरे आधी घेतली तर तेवढ्यात पिन, टिन, पॅन, टॅप, टिप, सिट असे कितीतरी शब्द होतात, आणि आठवड्याभरात मूल स्वतःच्या हाताने शब्द बनवू लागते. पाटीवर अक्षरे लिहून ती पुसत बदलण्याचा खेळ मुलांना फार आवडतो. ‘पिन’चा ‘पी’ पुसला, ‘टी’ ठेवला, झाले ‘टिन’. ए-बी-सीच्या क्रमानेच गेले तर आणखी एक अडचण येते. बी आणि डी एकाच आठवड्यात येतात, आणि ही दोन लहान लिपीतली अक्षरे म्हणजे आरशातली एकमेकांची छबी. त्यांची चुकामूक वर्षानुवर्षे चालते. त्यांच्यात काही आठवड्यांचे अंतर ठेवावे, म्हणजे एक पक्के झाल्यावर दुसरे येते.

शब्दही जवळचे घ्यावेत. बस, पंप, कप, टिन, पेन, बॉक्स हे शब्द खेड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतात, आणि गंमत अशी की यांतला प्रत्येक शब्द आवाजाप्रमाणेच लिहिला जातो. अट एकच. ‘बस’, ‘पंप’ आणि ‘कप’ यांतला ‘अ’ इंग्रजीत ‘यू’ने दाखवतात. येथेच आपली मुले हमखास ठेचकाळतात. बी-यू-एसच्या जागी बी-ए-एस लिहितात. मी पुष्कळ वर्षे याला आळस समजत होतो. मग कारण ध्यानात आले. मुलाला पहिल्यांदा इंग्रजीत काय लिहायला शिकवतात? त्याचे स्वतःचे नाव, मग गावाचे नाव. ‘रमेश’मधला ‘अ’ आपण ‘ए’ने लिहितो. ‘नागपूर’मधला ‘आ’ही ‘ए’नेच, आणि ‘पूर’मधला ‘ऊ’ ‘यू’ने. रेल्वे स्टेशनच्या पाटीवरही तसेच असते. तेव्हा मुलाने मनाशी नियम बांधला : ‘अ’ ऐकू आला की ‘ए’, ‘उ’ ऐकू आला की ‘यू’. त्या नियमाने ‘बस’ लिहिली तर बी-ए-एसच होणार. ही चूक आळशी मुलाची नसून नियम शोधणाऱ्या मुलाची आहे. त्याला एवढेच सांगायचे की, आपली नावे इंग्रजी अक्षरांत लिहिण्याची रीत आपली आहे, आणि इंग्रजांचे शब्द लिहिण्याची रीत त्यांची. एकदा फळ्यावर दोन्ही शेजारी लिहून दाखवावे.

पुढे जे थोडे नियम येतात ते शब्दांच्या जोड्यांनी समजतात. ‘टॅप’च्या शेवटी मुकी ‘ई’ आणून बसवली की ‘टेप’ होते, ‘प्लॅन’चे ‘प्लेन’ होते. ती स्वतः बोलत नाही, मागच्या स्वराला बोलायला लावते. सासूबाईच म्हणा! ‘सी’च्या पुढे ई, आय किंवा वाय आले की तिचा आवाज ‘स’ होतो, एरवी ‘क’. ‘सर्कस’ या शब्दात हे दोन्ही ‘सी’ आहेत, पहिली ‘स’ म्हणते आणि दुसरी ‘क’. ‘सायकल’मध्येही तेच. ‘जी’चेही पुष्कळदा असेच होते, म्हणून ‘ऑरेंज’च्या शेवटी ‘जी’ आणि तिच्यामागे ‘ई’. ‘गर्ल’ आणि ‘गिव्ह’ हे शब्द मात्र हा नियम मानत नाहीत, हेही मुलांना सांगून टाकावे. लपवले तर ती स्वतः शोधून काढतात आणि मग आपल्या कोणत्याच नियमावर विश्वास ठेवीत नाहीत.

राहता राहिले ‘द’, ‘वॉज’, ‘सेड’, ‘वन’, ‘टू’ असले आडमुठे शब्द. त्यांना आवाजाचा उपयोग थोडा, डोळ्याचाच अधिक. येथे पाठ करावेच लागते. पण दहा वेळा लिहिण्याने पाठ होत नाही. मुले हे लिखाण कसे करतात ते पालकांनी एकदा शेजारी बसून पाहावे. आधी वरून खाली दहा वेळा ‘टी’ लिहितात, मग शेजारी दहा ‘एच’, मग दहा ‘ई’. पान भरते, शब्द एकदाही लिहिला जात नाही. लहानपणी आपणही हेच केले आहे. त्यापेक्षा शब्द नीट पाहावा, त्यातले अवघड अक्षर बोटाने दाखवावे, मग हाताने शब्द झाकावा, मनाने आठवून लिहावा आणि हात काढून ताडून पाहावा. रोज तीन शब्द पुरेत. झाकून दोनदा लिहिलेले, पाहून वीसदा लिहिलेल्यापेक्षा अधिक टिकते.

आता तपासणीविषयी. मी त्या कोऱ्या जागा पाहिल्यानंतर एक बदल केला. शब्द बरोबर की चूक असे न पाहता अक्षरे मोजू लागलो. ‘ऑरेंज’ची अक्षरे सहा. ओ, आर आणि एन जागच्या जागी आहेत, म्हणजे सहांपैकी तीन मिळाली. मूल शून्यावर राहत नाही, आणि मलाही पुढे काय शिकवायचे ते कळते. तिला ‘जी’चा ‘ज’ ठाऊक नाही, एवढेच. पंधरा मुलांनी ‘बस’ एकाच तऱ्हेने चुकवली असेल तर पंधरा वह्यांत फुल्या मारण्याऐवजी उद्याचा धडा बदलायचा असतो. यात वेळ जातो, हे कबूल. दोन इयत्ता एका खोलीत घेऊन बसलेल्या शिक्षकाला दहा शब्दांचे श्रुतलेखन असे तपासणे झेपणार नाही. त्याने चारच शब्द घालावेत. आणि पहिलीत तर स्पेलिंगची परीक्षा घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिलीतल्या मुलाने इंग्रजी कानांनी ऐकावे, गाणी म्हणावीत, दोन वाक्ये बोलावीत. ज्या शब्दाची कानाला ओळख नाही त्याचे स्पेलिंग म्हणजे कुलुपाविना किल्ली.

घरी काय करता येईल, असे पालक विचारतात. आम्हांला येत नाही, म्हणून शिकवणी लावू का? परवडत असेल तर लावा, पण आधी घरचे दहा मिनिटांचे काम ऐका. वडिलांनी पुस्तक हातात धरावे. मुलाने वहीत आठवून शब्द लिहावा. मग पुस्तकातली आकृती आणि वहीतली आकृती एकेक अक्षर जुळवून पाहावी. त्यासाठी इंग्रजी यावे लागत नाही, डोळे लागतात. मायने भाकरी थापता थापता विचारावे, ‘पंप’मधला पहिला आवाज कोणता? शेवटचा कोणता? मधला काय म्हणतो? हे कान तयार करण्याचे काम आहे, आणि त्याला लिपी लागत नाही. फक्त रागावू नये. रागावले की मूल उत्तर शोधीत नाही, तुमचा चेहरा शोधते.

हल्ली काही जण म्हणतात, मोबाईल आपोआप स्पेलिंग दुरुस्त करतो, मग एवढी उठाठेव कशाला? करतो खरा. पण तो चार शब्द पुढे ठेवतो आणि त्यांतला आपला कोणता, हे ओळखण्याचे काम तुमच्यावरच सोडतो.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. चौथीत ती माझ्याच वर्गात होती. कोऱ्या जागा भरायला तिला बरेच महिने लागले. मी लाल शाई बंद केली होती, पण तिचा विश्वास काही लगेच बसला नाही. शब्द ऐकून ती माझ्याकडे पाहत राही, पेन्सिल उचलीत नसे. पावसाळ्यात एकदा मी ‘सायकल’ हा शब्द घातला. तो शिकवलेला नव्हता. वही पाहिली तर तिने लिहिले होते : एस, ए, वाय, के, ए, एल. चुकलेलेच, पण लिहिले होते. आणि पहिल्या ‘एस’खाली तिने स्वतःच पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली होती. मी विचारले, ही रेघ काहून? तर म्हणाली, “इथं मले शंका हाय, गुरुजी. सर्कसवानी तं नसंल?”

‘सर्कस’ आम्ही त्याच आठवड्यात घेतली होती.